मुंजाजीच्या भावाचा डबा

पुणे, ३ नोव्हेंबर १९८८

प्रिय मामी,

नमस्कार, चौकशी वगैरे आईच्या पत्रात सगळं लिहिलं आहे. मानवतला गेलीस की तिथून आपला वाटा उचलून घे. इथे कागद लहान आहे आणि अडचण मोठी.

तू विचारलं होतंस की मी कंपनीत नेमकं करते काय. आमची कंपनी खेड्यांसाठी टेलिफोनचं छोटं एक्सचेंज बनवते. लोखंडी कपाटाएवढं. त्याला गावातले चाळीस फोन जोडायचे आणि बाहेरगावी बोलायला चार लाइनी. पूर्वी मधे बसून वायरी जोडून देणारा माणूस असायचा, त्याचं काम आता कपाटातला कॉम्प्युटर करणार. कोणी फोन उचलला तर काय करायचं, कोणी मधेच ठेवला तर काय करायचं, हे त्याला आधीच लिहून द्यावं लागतं. ते लिहिण्याचं काम माझं.

मी असं लिहिलं होतं: कॉम्प्युटरने पहिल्या फोनपाशी जायचं, काही पाहिजे का विचारायचं, त्याचं काम करून द्यायचं, मग दुसऱ्यापाशी, मग तिसऱ्यापाशी. कागदावर फार छान दिसत होतं. परवा आमचे साहेब व्यंकटराव आले. त्यांनी सात नंबरचा फोन उचलून कानाला लावला आणि दुसऱ्या हाताने चहा प्यायला लागले. नंबर फिरवला नाही, फोन खालीही ठेवला नाही. माझा कॉम्प्युटर सातव्या फोनपाशी हात जोडून उभा. बाकीचे एकोणचाळीस फोन मुके. चहा संपल्यावर साहेब म्हणाले, "बाई, तुमचं एक्सचेंज बंद पाडायला गावात एक म्हातारा पुरे आहे."

जानेवारीत मोठी चाचणी आहे. पास झाली तर मी इथे कायम होईन. नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल आणि मी मानवतला. अण्णांनी एका वर्षाचीच मोकळीक दिली होती, ते वर्ष जानेवारीत संपतं. शाळेत गणिताच्या बाईंची जागा त्यांनी बोलूनही ठेवली आहे. शाळा वाईट नाही. पण मला हे काम करायचं आहे, मामी. एवढं स्पष्ट मी आईलाही सांगितलेलं नाही.

तुझी,
सत्यशीला


पोखर्णी, १४ नोव्हेंबर १९८८

चि. सत्यशीला,

आशीर्वाद आहेतच. त्यांना जादा तिकीट लागत नाही म्हणून पहिल्यांदा तेच घालते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा गिरणी चालू असताना वाचलं तेव्हा कळलं. तुझा कॉम्प्युटर वाईट नाही, त्याला रीत लावलेली नाही.

मी रोज सकाळी उठून घरोघर "दळण आहे का, दळण आहे का" विचारत फिरले असते तर काय झालं असतं बघ. कस्तुराबाईच्या दारात गेले असते, ती म्हणाली असती, "थांब गं जरा, ज्वारी निवडायलेय," आणि ती निवडेपर्यंत सारं गाव उपाशी. म्हणून मी कोणाकडे जात नाही. ज्याला दळायचं असेल तो येतो, डबा रांगेत ठेवतो आणि आपल्या कामाला जातो. लिहिता येणारे डब्यावर नाव रंगवतात. मी अक्षरं शिकले ती त्याच नावांवरून. बाकीचे कडीला चिंधी बांधतात, कोणी फुटकी बांगडी अडकवतं. दळून झालं की निरोप द्यायचा. मधल्या वेळात त्याने त्याचं काम करावं, मी माझं. गिरणीत बसून वाट बघणारा माणूस मला नको असतो. तो बसतो आणि बोलतो.

निरोपाचं काम तुझा मामा करायचा. दारात उभा राहून हाक मारायचा. मला ते जमत नाही. एक तर बाईने रस्त्यावर ओरडावं हे मला या वयात शिकायचं नाही. दुसरं म्हणजे मुंजाजीचा भाऊ. त्याचं नाव मला घेता येत नाही, ते का हे तुला माहीत आहे. सगळ्या गावाला नावाने हाक मारायची आणि त्या एकट्याला "ओ मुंजाजीचे भाऊ" म्हणायचं हे बरं दिसत नाही. शिवाय मुंजाजीला तीन भाऊ आहेत, तिघेही येतात.

पण परवा मी एक युक्ती काढली. तेलाचं इंजिन होतं तेव्हा धुराड्यावरचं मडकं पुक पुक वाजलं की शिवारापर्यंत कळायचं, गिरणी चालू झाली. हे गेल्यावर इंजिनाचं हँडल मारणं माझ्याच्याने होईना, म्हणून मोटर बसवली. मोटर मुकी आणि करंट बेभरवशाचा. दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी दारात: "करंट आला का?" उत्तर देऊन माझं तोंड दुखायचं. आता मी यांचा रेडिओ गिरणीच्या खिडकीत ठेवला आहे. बटण कायम चालू, आवाज पूर्ण मोठा. करंट आला की रेडिओ आपोआप बोलतो, गावाला कळतं. मी काही करायचं नाही. चार दिवस झाले, एक माणूस विचारायला आला नाही.

जेवत जा. चहावर दिवस काढू नको.

मामी


पुणे, २६ नोव्हेंबर १९८८

प्रिय मामी,

तुझं पत्र मी आधी हसत वाचलं, मग उभी राहून वाचलं, मग ऑफिसात नेलं.

मी सगळं पुसून पुन्हा लिहिलं. आता कॉम्प्युटर कोणाच्या दारात जात नाही. ज्याला काही पाहिजे तो फोन आपला डबा ठेवतो, डब्यावर त्याचा नंबर, आणि कॉम्प्युटर आलेले डबे घेत सुटतो. काल व्यंकटराव सात नंबरचा फोन कानाला लावून दोन कप चहा प्यायले. गाव बोलत राहिलं. त्यांनी तिसरा कप मागवला नाही, यावरून मी ओळखलं की त्यांना आवडलं.

एक विचारायचं आहे. कोणी फोन उचलून बाजूला ठेवतो आणि विसरूनच जातो. त्याची जागा किती वेळ धरून ठेवायची? लगेच तोडलं तर तो रागावणार, नाही तोडलं तर जागा अडून राहणार. तुझ्याकडे डबा ठेवून परत न आलेलं कोणी आहे का?

आणि मुंजाजीच्या भावाचं नाव वैजीनाथ आहे. मामाचं नाव तेच होतं यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? मी तर म्हणते एकदा घेऊन टाक.

सत्यशीला


पोखर्णी, ९ डिसेंबर १९८८

चि. सत्यशीला,

तू पुण्याला गेलीस म्हणून मामीला शिकवू नको. तीस वर्षं जे तोंडात आलं नाही ते आता कसं येईल? तो स्वतः म्हणतो, "मामी, मला बाळू म्हणा." पण तो चाळीस वर्षांचा मिशाळ माणूस आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या डोळ्यासमोर फळीवर बसलं आहे. कस्तुराबाईचा डबा. दिवाळीनंतर ट्रक आला आणि ती, तिचा मुलगा, सून सगळी ऊसतोडीला गेली. जायच्या गडबडीत डबा माझ्याकडे राहिला. आत दीड पायली ज्वारी. ती आता चैत्र-वैशाखात येईल.

तीन दिवस मी तो रांगेत ठेवला. त्याच्या मागचे लोक कुरकुर करायला लागले, "ह्या डब्याचं दळण कवा व्हायचं?" ते बरोबरच होतं. दळून ठेवावं तर सहा महिन्यांत पीठ कडू होईल. परत करावं तर घराला कुलूप. मग मी तो रांगेतून काढला आणि वर फळीवर ठेवला. ज्वारी तशीच, न दळलेली. ती आली की त्याच दिवशी दळून देणार, तिला पुन्हा रांग नाही.

तेव्हा तू असं कर. थोडा वेळ थांब, मग रांगेतून काढ, पण फेकू नको. माणसाची वाट बघायला माझी हरकत नाही. फक्त वाट बघताना गिरणी बंद ठेवता येत नाही. यांच्या तेराव्यानंतर मी चौदाव्या दिवशी गिरणी उघडली तेव्हा लोक काय काय बोलले ते तू ऐकलंच असशील. पण डबे बाहेर उभे होते.

रेडिओ छान चालला आहे. आता सकाळच्या बातम्यांनाही लोक गिरणीत येतात.

मामी


पुणे, ११ जानेवारी १९८९

प्रिय मामी,

चाचणीची तारीख ठरली. सोमवार, २३ जानेवारी. दिल्लीहून तीन माणसं येणार आहेत. माझी तयारी झाली आहे आणि शेवटची अडचण तुझ्या रेडिओने सोडवली.

ती अशी. बाहेरगावच्या लाइनी चारच. त्या भरल्या की बाकीचे थांबतात आणि दर क्षणाला विचारत राहतात: लाइन मोकळी झाली का, झाली का? तुझ्या दारातल्या माणसांसारखे. कॉम्प्युटरचा सगळा वेळ "नाही, नाही" म्हणण्यात जायचा. आता मी त्यात रेडिओ ठेवला. लाइन मोकळी झाली की तो एकदम सगळ्यांना सांगतो. प्रोग्रॅमच्या त्या भागाला मी नावही "रेडिओ" दिलं आहे. व्यंकटरावांनी विचारलं, हे काय नाव? मी म्हटलं, पोखर्णीची पद्धत आहे.

पाच-सहा फोन जोडून बघितलं, उत्तम चालतं. सोमवारी चाळीसच्या चाळीस जोडणार.

अण्णांना तारीख सांगू नको. त्यांनी देवाला काही बोलू नये म्हणून.

सत्यशीला


पोखर्णी, १५ जानेवारी १९८९

चि. सत्यशीला,

संक्रांतीचा तिळगूळ घे आणि माझी फजिती ऐक.

मंगळवारी गावाच्या करंटची डीपी जळाली. मंगळ, बुध, गुरू करंट नाही. गिरणीत एकसष्ट डबे जमले. शुक्रवारी भोगी, बाजरीच्या भाकरीशिवाय भोगी होत नाही आणि गावात कोणाकडे पीठ नाही. सकाळी आठला, सगळ्या बाया न्हायला बसलेल्या असताना, करंट आला. खिडकीतून रेडिओ ओरडला. त्यावर जिऱ्याच्या भावाबद्दल काहीतरी चाललं होतं.

मग अख्खं गाव आलं. डोक्याला शिकेकाई तशीच, केसांतून पाणी गळतंय, आणि प्रत्येकीचं म्हणणं एकच, "माझाच डबा पहिला व्हता." ज्यांचे डबे नव्हते तेही आले, करंट आला म्हटल्यावर आपल्याकडे दळायला काही आहे का हे घरी जाऊन बघणारेही आले. मुंजाजी आणि तिन्ही भाऊ आले. कोणाची बाजरी कोणाच्या गव्हात पडली. रेटारेटीत मोटरचा पट्टा उतरला. पट्टा चढवेपर्यंत रेडिओ चालूच, म्हणून शेतातले लोकही येऊन पोचले. नऊ वाजता करंट गेला. एकसष्ट डब्यांतले तीन दळून झाले होते. त्यातला एक कोणाचा होता हे अजून ठरायचं आहे. गावाने भोगी भातावर केली.

दोष लोकांचा नाही, माझा आहे. ज्याला सांगायचं त्याला न सांगता मी सगळ्यांना सांगत सुटले होते. रेडिओ आत घरात नेला. हळू लावते. करंट आला की घरात कोणीतरी बोलतं, मला तेवढं पुरे आहे.

आता अशी रीत केली आहे: ज्याचं दळण झालं त्याने घरी जाता जाता रांगेतल्या पुढच्याच्या दारात सांगायचं. कालपासून चालू आहे. भांडण नाही.

तू रेडिओच्या नादी लागू नको म्हणून लगेच लिहिते आहे.

मामी


पोखर्णी, २० जानेवारी १९८९, संध्याकाळ

चि. सत्यशीला,

हे पत्र तुला चाचणी झाल्यावर मिळेल हे मला माहीत आहे. तरी लिहिते.

तुझं अकराचं पत्र काल हातात पडलं. वाचून तशीच टपालात गेले. टपालवाल्याला विचारलं, माझं पंधराचं पत्र गेलं का? तो म्हणाला, थैली इथेच आहे, विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे एसटी नव्हती, आज जाईल. मी बंदवाल्यांना दोष देत नाही. दहा वर्षांपूर्वी विधानसभेत ठराव झाला, हो म्हणाले, आणि अजून त्यांना बसवूनच ठेवलंय. दळण घेतलं म्हणायचं आणि दहा वर्षं डबा द्यायचा नाही, मी असं केलं असतं तर गावाने डबे माझ्याच डोक्यात घातले असते.

आज पहाटेच्या गाडीने मानवतला गेले. तुझ्या अण्णांच्या आडतीवर फोन आहे. माणिकरावांनी विचारलं, "काय काम काढलं पुण्याला?" मी म्हटलं, पोरीची खुशाली विचारायची. ट्रंक कॉल बुक केला. बारापासून पाचपर्यंत त्या फोनपाशी बसले. तो लागला नाही. उठून जावं तर तेवढ्यात लागायचा. पाच तासांत मी दुसरं काही केलं नाही, इकडे गिरणीला कुलूप, आणि माणिकराव समोर कापसाचे भाव सांगत बसलेले. तुझा सात नंबरचा फोन म्हणजे काय ते मला आज नीट कळलं.

मग तार करायला निघाले तर माणिकरावही सोबत आले, वहिनी एकट्या कशा जाणार म्हणून. त्यांच्यासमोर चाचणीचं लिहायचं नाही. तारेच्या कागदावर लिहिलं: "रेडिओ बंद कर. मामी." त्यांनी खांद्यावरून वाचलं आणि मान डोलावली. "बराबर हाय वहिनी. पोरी लय रेडिओ ऐकायल्यात आजकाल. मी तिच्या आईला, केशरबाईला, हेच सांगायलो."

तीस वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी सहमत झाले, आणि कशाबद्दल हे मी त्यांना सांगू शकले नाही.

मामी


पुणे, २१ जानेवारी १९८९

मामी,

तुझी तार मिळाली.

हॉस्टेलात तार आली म्हणजे कोणीतरी गेलं. वॉर्डनबाई स्वतः घेऊन आल्या. मजल्यावरच्या सगळ्या मुली गोळा झाल्या, एकीने मला पाणी आणलं, एक रडायलाही लागली. मी तार उघडली. "रेडिओ बंद कर." वॉर्डनबाईंनी वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि माझा रेडिओ उचलून त्यांच्या कपाटात कुलूप लावून ठेवला.

हे अण्णांनी सांगितलं असणार. तार मानवतहून आली आहे, तेवढं मला वाचता येतं. दिवाळीत आले होते तेव्हा गाणी चालू होती म्हणून तोंड वाकडं केलं होतं. त्यांचं मला काही वाटत नाही. पण तू? परवा माझी चाचणी आहे हे तुला एकटीला माहीत आहे, आणि तुला माझा रेडिओ आठवला?

तार मी पर्समध्ये ठेवली आहे. सोमवारी नापास झाले तर मानवतला आल्यावर दाखवीन.

सत्यशीला


पुणे, २४ जानेवारी १९८९

प्रिय मामी,

शनिवारचं पत्र मिळालं असेल तर चुलीत घाल. मिळालं नसेल तर आल्याबरोबर घाल.

काल दहा वाजता चाचणी सुरू झाली. लांब टेबलांवर चाळीस फोन, प्रत्येकापाशी एक माणूस. शिपाई, कारकून, कँटीनचा आचारी, सगळे बसवले होते. दिल्लीची तीन माणसं समोर. पहिला तास छान गेला. मग व्यंकटरावांनी चारही बाहेरच्या लाइनी भरून टाकल्या आणि थोड्या वेळाने एकदम मोकळ्या केल्या.

माझ्या रेडिओने गावाला सांगितलं. चाळीस फोन एकदम वाजले. ज्यांना बोलायचं होतं त्यांचे आणि नव्हतं त्यांचेही. चाळीस जणांनी उचलले, चौघांना लाइन मिळाली, छत्तीस जणांनी वैतागून ठेवले. ते ठेवल्याबरोबर कॉम्प्युटरला वाटलं काहीतरी मोकळं झालं. त्याने पुन्हा सगळ्यांना सांगितलं. पुन्हा चाळीस वाजले. ठेवले की वाजायचे, उचलले की शिव्या. आचारी तर फोन टाकून कँटीनमध्ये निघून गेला. दिल्लीचे पाहुणे कानात बोटं घालून बसले. व्यंकटराव माझ्याकडे बघत होते आणि मला मानवतची शाळा दिसत होती, फळ्यावर खडूने लिहिलेली तारीखसुद्धा.

घाम पुसायला पर्स उघडली. रुमालाबरोबर तुझी तार बाहेर आली.

रेडिओ बंद कर.

मामी, मी तेव्हा मोठ्याने हसले. सगळे दचकले. मी जाऊन प्रोग्रॅममधला रेडिओ बंद केला. खोली शांत झाली.

पण मग लाइन मोकळी झाल्याचं सांगायचं कसं? आणि मला मामा आठवला. दारात उभा, अंगावर पीठ, मागे इंजिन धडधडतंय. तो "दळण झालं हो" असं गावाला कधीच ओरडायचा नाही. ज्याचा डबा त्याचंच नाव. पंधरा माणसं समोर असली तरी एकच उठायचा. मी तेवढंच लिहिलं: रांगेत पहिला असेल त्यालाच, त्याच्याच नंबराने हाक. वीस मिनिटं लागली. पाहुण्यांना तोवर चहा दिला.

चहानंतर पुन्हा सगळ्या लाइनी भरल्या, पुन्हा मोकळ्या केल्या. एकच फोन वाजला. सात नंबरचा. व्यंकटराव स्वतः जाऊन तिथे बसले होते. त्यांनी उचलला, पलीकडचं ऐकलं आणि म्हणाले, "बाई, म्हाताऱ्याला फोन लागला."

मी कायम झाले. रात्री अण्णांना फोन केला. त्यांनी पगाराचा आकडा दोनदा वदवून घेतला. मग म्हणाले, "मंग शाळेला न्हाई म्हणून कळवतो." आणि मग विचारलं, रेडिओ बंद केला का?

तुझं पंधराचं पत्र आज आलं. भोगीचं वाचून हसता हसता पोट दुखलं. पण त्यात एक खटकलं. पुढच्याच्या दारात निरोप सांगायचं काम तू लोकांवर सोपवलंस. मामाची हाक इतकी सोपी रीत होती, ती तू अजून का घेत नाहीस?

सत्यशीला


पोखर्णी, २२ मे १९८९

चि. सत्यशीला,

मधल्या चार पत्रांत मी तुला पापडापासून पाण्यापर्यंत सगळं लिहिलं, पण जानेवारीतल्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. ते मी फळीवर ठेवलं होतं.

परवा नरसिंह जयंती झाली. सकाळपासून गिरणी चालू. कस्तुराबाई ऊसतोडीहून आली आहे. तिचा डबा फळीवरून काढला, तिला रांग लावली नाही, ज्वारी दळून दिली. तिने झाकण उघडून बघितलं, वास घेतला, झाकण लावून पुन्हा एकदा उघडलं. डबा परत मिळेल असं तिला वाटलं नसावं.

तिच्यानंतर शेवटचा डबा मुंजाजीच्या भावाचा. नैवेद्याचे गहू. घरी पुरण शिजून तयार, देवळात बाराला नैवेद्य, आणि साडेअकरा वाजलेले. मी दळून ठेवलं आणि कस्तुराबाईला म्हटलं, जाता जाता त्याला सांग. ती तिथेच बसली. म्हणाली, "ऊस तोडून गुडघे गेले माझे. तो बघ समोर बसलाय. तूच दे की आवाज."

तो खरंच समोर होता. रस्त्यापलीकडे पिंपळाखाली, तिघे भाऊ पाठमोरे, गप्पा चाललेल्या. कोणीतरी निरोप घेऊन येईल या भरवशावर निवांत. मी हात हलवला, तर पाठ कशी बघणार? मग मी हाक मारली, "ओ मुंजाजीचे भाऊ!" तिघेही वळले. मी बोट दाखवलं. धाकटा उठून आला, स्वतःचा डबा नाही म्हणून परत गेला, मग थोरला आला. ज्याचा डबा तो तिथेच बसून हसत होता. पावणेबारा झाले.

मला तुझे चाळीस फोन आठवले.

मी दारात गेले. हे उभे राहायचे त्याच जागी, तिथली फरशी जरा झिजलेली आहे. मोटर चालू होती, म्हणून मोठ्यानेच ओरडावं लागलं.

"वैजीनाथ!"

तीस वर्षांत पहिल्यांदा. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेही पुटपुटत. त्यानंतर कधी नाही. माझा आवाज असा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

आणि पलीकडून "ओ" आलं.

तो उठून धोतर झटकत आला, डबा घेऊन देवळाकडे पळाला. मी दारातच उभी राहिले, मोटर बंद करायची विसरून. कस्तुराबाईने मागून बघितलं आणि म्हणाली, "उखाण्याबिगर नाव घेतलंस व्हय झुंबरबाई. म्हातारपणी लाज सोडलीस." मग ती दुखऱ्या गुडघ्यांनी उठली आणि मोटर तिनेच बंद केली.

कालपासून मी सगळ्यांना नावाने हाक मारते. गावाला सवय व्हायची आहे. काही जण उगाचच दचकतात. मुंजाजीच्या भावाने आज पुन्हा पायलीभर गहू आणून ठेवलेत, एवढ्यात संपले कसे ते विचारलं नाही. सकाळी दळून ठेवते.

मामी